पाणी कुठवर आलं होतं?

२२ जुलै २०२१ च्या महापुराबद्दल चिपळूणमध्ये कुणालाही विचारा, पाणी कुठवर आलं होतं याचं उत्तर तयार असतं. कुणी सांगतं पंख्याच्या पात्याला लागलं होतं, कुणी जिन्याच्या पायऱ्या मोजून दाखवतं, कुणी दुकानाच्या शटरवरची मातकट रेघ दाखवतं. बाजारपेठेत, चिंचनाक्यावर, पेठमापला, खेर्डीत अशी उत्तरं घरोघर मिळतात. ती सगळी खरी असतात आणि त्यांतलं एकही जसंच्या तसं नकाशावर मांडता येत नाही. पंखा कोणत्या मजल्यावरचा, तो मजला रस्त्यापासून किती उंच, रस्ता समुद्रसपाटीपासून किती उंच, एवढं कळलं तरच त्या उत्तराचा आकडा होतो. असे शे-दोनशे आकडे आपापल्या नेमक्या जागी बसवले की पाणी शहरभर कसं पसरलं ते दिसू लागतं. भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे ज्याला सगळे जीआयएस म्हणतात, ती ह्याच कामासाठी आहे. कोणती गोष्ट कुठे आहे, किती आहे आणि तिच्या शेजारी काय आहे, हे एकमेकांना जोडून विचारता येणं हे तिचं मुख्य बळ.

मी मूळची चिपळूणची. भूगोलात पीएच.डी. करते आणि ती करता करता एम.ए.च्या मुलामुलींची जीआयएसची प्रात्यक्षिकं घेते. आपल्याकडे अनेक ठिकाणी हे काम संशोधक विद्यार्थ्यांकडेच येतं. आयआयटीत त्याला टीए म्हणतात, इतरत्र कुणी तासिका तत्त्वावर शिकवतं, कुणी मार्गदर्शकांच्या सांगण्यावरून. मुलं आम्हाला सर-मॅडम म्हणत नाहीत, ताई-दादा म्हणतात, आणि मला त्याचा फार उपयोग होतो. जो प्रश्न प्राध्यापकांना विचारायला मुलं कचरतात, तो ताईला विचारतात. मी स्वतः अजून शिकते आहे, कालपर्यंत त्याच ठिकाणी अडले होते, त्यामुळे मूल नेमकं कुठे अडलंय हे मला पटकन कळतं.

ह्या विषयाचा इतिहास लहान आहे. कॅनडात रॉजर टॉमलिन्सन यांनी १९६० च्या दशकात देशभरातल्या जमिनीच्या वापराची नोंद संगणकावर आणली, तिथून जीआयएस सुरू झालं असं मानतात. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या सीएसआरई ह्या केंद्राने ग्रॅम प्लस प्लस नावाचं देशी सॉफ्टवेअर तयार केलं. डेहराडूनची आयआयआरएस ही संस्था दूरस्थ अभ्यासक्रम चालवते, नागपूरचं एमआरसॅक राज्य सरकारसाठी नकाशे तयार करतं. २००२ साली सुरू झालेल्या क्यूजीआयएस ह्या मोफत सॉफ्टवेअरने तर पैशांची अडचणच संपवली. साध्या लॅपटॉपवरही ते चालतं. आता अडचण आहे ती शिकवण्याची. कोणतं बटण कुठे आहे हे पंधरा दिवसांत येतं. समोरच्या पडद्यावरचा आकडा कुणी, कशाने, कशापासून मोजला हे विचारायची सवय लागायला वर्ष जातं. माझ्या मते जीआयएसचं खरं शिक्षण ह्या सवयीचं आहे आणि त्यासाठी चिपळूणइतकं चांगलं गाव मला माहीत नाही.

सुरुवात जागेपासून करू. चिपळूण सुमारे १७ अंश ३२ मिनिटं उत्तर अक्षांशावर आणि ७३ अंश ३१ मिनिटं पूर्व रेखांशावर आहे. हे दोन आकडे भरताना मुलं हमखास उलटे भरतात, कारण बोलताना आपण अक्षांश आधी म्हणतो आणि संगणक बहुतेक वेळा रेखांश आधी मागतो. आकडे उलटे झाले की चिपळूण नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाजवळच्या थंडगार समुद्रात जाऊन पडतं. वर्गात हसू होतं. मी ते होऊ देते, कारण त्यानंतर ती चूक कुणी विसरत नाही.

पुढचा टप्पा जुन्या नकाशांचा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० प्रमाणाच्या जुन्या मालिकेत चिपळूण शहर ४७ जी/१० ह्या नकाशात येतं, पण अगदी कोपऱ्यात. शहराच्या पश्चिमेला दोनेक किलोमीटरवर एक नकाशा संपून ४७ जी/६ सुरू होतो, दक्षिणेला चारेक किलोमीटरवर ४७ जी/११. सह्याद्रीत उगम पावलेली वाशिष्ठी शहराजवळून पुढे जाते ती दुसऱ्या नकाशात, आणि दाभोळला समुद्राला मिळते ती तिसऱ्या, ४७ जी/२ मध्ये. नदी एक आणि कागद तीन. ते एकमेकांना जोडताना मुलांना कळतं की प्रत्येक कागद वेगळ्या पाहणीचा असू शकतो, आणि सांध्यावर ओढा जरासा तुटलेला दिसला तर दोष ओढ्याचा नसतो.

त्याहून बारीक भानगड पृथ्वीच्या आकाराची. हे जुने नकाशे एव्हरेस्ट नावाच्या लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या एका गणिती प्रतिमेवर आधारलेले. आपला मोबाइल जीपीएसचे आकडे देतो ते डब्ल्यूजीएस ८४ ह्या लंबगोलावरचे. रूपांतर न करता एकावर दुसरा ठेवला तर आपल्या भागात शंभरेक मीटरचा फरक पडतो. डोंगरात तो लक्षातही येणार नाही. चिपळूणच्या बाजारपेठेत शंभर मीटर म्हणजे पलीकडची आळी, आणि पुराच्या वेळी पलीकडच्या आळीत पाण्याची उंची वेगळी असू शकते. शिवाय अंश हे काही अंतराचं माप नव्हे. नदीकाठचा शंभर मीटरचा पट्टा काढायला सांगावा, तर अंशांत असलेल्या थरावर (लेयरवर) कुणीतरी नुसता शंभर आकडा टाकतं आणि पट्टा जगभर पसरतो. मोजमाप मीटरमध्ये हवं असेल तर थर यूटीएम ह्या मीटरमधल्या प्रक्षेपणाच्या ४३ उत्तर ह्या पट्ट्यात आणावा लागतो. महाराष्ट्राचा पश्चिम भाग ह्याच पट्ट्यात येतो.

जागेचं हे सगळं दोन-तीन तासिकांत होतं. उंची मात्र तशी उरकत नाही. तिला मी जवळजवळ अर्धं सत्र देते, कारण पुराच्या गावात सगळं काही उंचीवरच ठरतं.

पावसाळ्यात जिल्ह्याच्या रोजच्या अहवालात वाशिष्ठीची इशारा पातळी ५ मीटर आणि धोका पातळी ७ मीटर अशी दिलेली असते. मुलांना मी विचारते, हे ५ मीटर कशापासून? नदीच्या तळापासून? समुद्रापासून? बहुतेक वेळा वर्ग शांत होतो. मोजपट्टीला स्वतःचा शून्य असतो, आणि तो शून्य समुद्रसपाटीच्या हिशेबात कुठे बसतो हे कळल्याशिवाय त्या ७ मीटरांचा बाजारपेठेतल्या ओट्याशी संबंध जोडता येत नाही. समुद्रसपाटी हीसुद्धा कुणीतरी ठरवलेली गोष्ट आहे. भारतातल्या उंचीच्या मोजमापाचं जाळं १९०९ मध्ये पक्कं झालं ते किनाऱ्यावरच्या नऊ ठिकाणच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून. त्यांत मुंबई होती, कारवारही होतं. रेल्वे स्टेशनच्या पाटीवर उंची लिहिलेली असते ती ह्याच हिशेबाची.

आता मोबाइल काढून गोवळकोटला खाडीकाठी उभं राहावं. जीपीएसची कच्ची उंची पाहिली तर ती साठ मीटरांहून अधिक उणे दिसते. मुलं चक्रावतात, आपण काय समुद्राच्या तळाशी आहोत? जीपीएस उंची मोजतं ती गणिती लंबगोलापासून. समुद्राचं पाणी गुरुत्वाकर्षणाच्या ओढीप्रमाणे जिथे स्थिरावतं तो पृष्ठभाग भारताच्या परिसरात ह्या लंबगोलाच्या बराच खाली आहे, आणि भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात तर जगातला सर्वांत खोल खळगा आहे. बरीच अॅप हा फरक आपणहून वजा करतात, काही करत नाहीत. म्हणून दोन मोबाइलवरच्या उंचीची तुलना करण्याआधी ती कोणत्या पृष्ठभागापासूनची आहे, हे विचारावंच लागतं.

फुकट मिळणाऱ्या उंचीच्या नकाशांतही तेच. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर ह्या अंतराळयानाने अकरा दिवसांत रडारच्या साहाय्याने जगाच्या बहुतेक भूभागाची उंची टिपली, तो एसआरटीएम नावाचा साठा आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या संगणकावर असतो. तीस मीटरांच्या एका चौकटीला एक उंची, तीही पूर्ण मीटरमध्ये. रडारला दिसतं ते झाडाचं टोक आणि घराचं छप्पर. खालची जमीन प्रत्येक वेळी दिसतेच असं नाही. शिवाय अचूकतेचं ठरवलेलं उद्दिष्ट होतं १६ मीटरांचं. सह्याद्रीच्या हजार मीटरच्या कड्यासाठी हे उत्तम आहे. चिपळूणचा सखल भाग समुद्रापासून जेमतेम काही मीटर वर. तिथे दीड-दोन पुरुष पाणी चढलं, ते ह्या साठ्यावरून शोधायचं म्हणजे मापापेक्षा मापातली चूक मोठी. तरीही ह्याच साठ्यावर निळा रंग भरून पुराचे सुबक नकाशे तयार होतात आणि मोबाइलवरून फिरत राहतात. सुबक नकाशावर लोकांचा विश्वास चटकन बसतो, म्हणून मला त्यांची जास्त काळजी वाटते.

मग खरी उंची मिळवायची कशी? भिंतींवरून. मुलांना घेऊन गल्लीत जायचं, घरात विचारायचं, खूण पाहायची. प्रश्न विचारायचीही रीत आहे. “काकू, पाणी किती आलं होतं?” असं विचारलं तर उत्तर येतं, “अहो, होत्याचं नव्हतं झालं.” तेही ऐकून घ्यायचं, घाईने टेप काढायची नाही. मग विचारायचं, “पाणी थांबलं तेव्हा कशाला लागलं होतं?” तेव्हा काकू उठतात, आतल्या खोलीत जातात, देवाच्या फळीवर बोट ठेवतात. “ह्या फळीच्या खाली. फळी नाही भिजली.” अशी खूण सहसा चुकत नाही, कारण त्या फळीवर काय होतं आणि ते वाचलं की नाही, हे घरातलं प्रत्येक माणूस सांगू शकतं. मग फळीपासून जमिनीपर्यंत टेप, जमिनीपासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून जोत्यापर्यंत. रस्त्यापासून मोजायचं नाही. डांबराचा नवा थर पडला की रस्ता वर येतो. जोतं जागचं हलत नाही. एका जोत्याची उंची दुसऱ्या जोत्याशी जोडायला महागडं यंत्र नसलं तरी चालतं. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी दोघांनी दोन टोकांना धरायची, पाणी स्थिर झालं की दोन्हीकडे खडूची रेघ मारायची. अशी नळी गल्लीभर पुढे पुढे नेत सर्वेक्षणाच्या पक्क्या तलचिन्हापर्यंत पोचलं की त्या फळीला समुद्रसपाटीपासूनची उंची मिळते, तीही काही सेंटिमीटरच्या आत. अंतराळयानाला जे साधलं नाही ते दहा मीटर नळीने साधतं. हे करताना मुलांच्या चेहऱ्यावर जे येतं, त्यासाठी मी हा विषय शिकवते.

बऱ्याच घरांत दोन खुणा सांगतात, एक २६ जुलै २००५ च्या पुराची आणि एक २०२१ ची. दोन्ही नोंदवायच्या. दोन पुरांतला फरक शहरभर सारखा आहे की कुठे कमी कुठे जास्त, हे पाहिलं तर मधल्या सोळा वर्षांत पाण्याची वाट कुठे अडली ह्याचा माग लागू शकतो.

उपग्रहावरून हे दिसलं नसतं का, असा प्रश्न येतोच. पावसाळ्यात साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला कोकणात ढगच दिसतात. ढगांतून आरपार पाहणारं रडार युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहांवर आहे, आणि त्याची चित्रं मोफत मिळतात. शांत पाणी रडारच्या लहरी दुसरीकडे परतवून लावतं, म्हणून चित्रात ते काळं दिसतं. शेतात साचलेलं पाणी छान ओळखू येतं. शहरात मात्र पाण्यावरून उसळलेली लहर भिंतीवर आपटून थेट उपग्रहाकडे परतते, आणि बुडालेली गल्ली काळी दिसण्याऐवजी लख्ख पांढरी दिसू शकते. त्यात एक उपग्रह त्याच वाटेने परततो तो बारा दिवसांनी. चिपळूणचं पाणी एक-दोन दिवसांत ओसरलं. गंगेच्या खोऱ्यात आठवडेच्या आठवडे पाणी तुंबतं, तिथे हे रडार वरदान आहे. सह्याद्रीच्या पायथ्याच्या आखूड नद्यांना पूर येतो आणि उतरतो तो उपग्रहाच्या दोन फेऱ्यांच्या मधेच.

वाशिष्ठीचं पाणलोट क्षेत्र काढणं हा माझा सर्वांत आवडता धडा. उंचीचा साठा द्यायचा, नदीवरचा एक बिंदू दाखवायचा, आणि त्या बिंदूकडे जिथून जिथून पाणी येतं तेवढा भूभाग संगणक काढून देतो. पूर्वेची सीमा नेमकी सह्याद्रीच्या माथ्यावरून जाते. पाऊस तिथे घराच्या आढ्यावर पडल्यासारखा दोन बाजूंना वाटला जातो, अलीकडचा अरबी समुद्राकडे आणि पलीकडचा बंगालच्या उपसागराकडे. नकाशा अगदी बरोबर आहे आणि तरीही अपुरा आहे. पलीकडच्या कोयनेचं पाणी शिवाजीसागर जलाशयातून बोगद्यांनी सह्याद्री भेदून अलीकडे येतं, पोफळी-अलोऱ्याच्या परिसरातल्या वीजगृहांतून उतरतं आणि शेवटी वाशिष्ठीला मिळतं. कोयना प्रकल्पाच्या १,९६० मेगावॅटपैकी बहुतेक वीज त्यातूनच होते. कृष्णेच्या पाणीवाटपात बच्छावत लवादाने ह्या पश्चिमेकडच्या पाण्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी धरले होते, म्हणजे सुमारे १९१ कोटी घनमीटर. एवढ्या पाण्याचा मागमूस संगणकाने काढलेल्या पाणलोटात नसतो, कारण त्याला जमिनीचा उतार कळतो, डोंगराच्या पोटातला बोगदा कळत नाही. २०२१ च्या पुरात ह्या पाण्याचा वाटा किती, ह्यावर चिपळूणमध्ये खूप वाद झाला. जीआयएस शिकलेल्या माणसाने त्या वादात एवढं तरी विचारायला हवं, की कोणत्या तासाला किती पाणी सोडलं, त्या तासाला नदीची पातळी किती होती, पाऊस किती पडत होता. तिन्ही नोंदी एका वेळपत्रकावर आल्या, तरच वादाचा निवाडा करता येईल.

खालच्या टोकाला समुद्र आहे. दाभोळच्या खाडीतून भरतीचं पाणी गोवळकोटपर्यंत चढतं. २२ जुलैला आषाढ पौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे दिवस उधाणाच्या भरतीचे. वरून नदी, मधून शहरातली शिवनदी, खालून भरती आणि नदीच्या पोटात वर्षानुवर्षांचा गाळ. पुढे चिपळूणकरांनी गाळ काढण्यासाठी आंदोलन केलं आणि काम सुरू झालं. किती गाळ निघाला हेही जीआयएसने मोजता येतं. गाळ काढण्याआधीचा आणि नंतरचा नदीपात्राचा पृष्ठभाग एकमेकांतून वजा केला की घनमीटर मिळतात. मात्र दोन्ही मोजण्या एकाच शून्यापासून झालेल्या असाव्या लागतात. उंचीचा प्रश्न इथेही सुटत नाही.

पूररेषांबद्दलही सांगायला हवं, कारण त्या थेट लोकांच्या घरावरून जातात. महाराष्ट्रात निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला मनाई, निळी आणि लाल ह्यांच्या मध्ये अटी. लोकांची समजूत अशी, की एकदा पूर येऊन गेला की पंचवीस वर्षं बघायला नको. तसं नाही. दरवर्षी ४ टक्के शक्यता, एवढाच त्याचा अर्थ. २५ वर्षांत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता ६४ टक्के होते. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत शंभर वर्षांचा पूर येण्याची शक्यता २६ टक्के. आता दोनशे मीटर चालल्यावर जमीन एक मीटर चढते अशा सपाट भागात उंचीत एक मीटरची चूक झाली, तर रेषा दोनशे मीटर सरकते. त्या दोनशे मीटरांत किती घरं असतील ते चिपळूणच्या माणसाला सांगायला नको. रेषा कुणाच्याही बाजूने ओढलेली असो, ती कोणत्या उंचीवरून ओढली हे विचारण्याचा नागरिकांना पूर्ण हक्क आहे, आणि विचारता येईल एवढं शिकवणं हे आमचं काम.

मराठीतून काम करणाऱ्यांसाठी एक छोटी पण त्रासदायक गोष्ट. जीआयएसमध्ये सर्वांत जास्त चालणारी फाइल म्हणजे शेपफाइल. तिच्यातल्या स्तंभाच्या नावाला दहा बाइटांचीच जागा असते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, काना-मात्रेसकट. म्हणजे ‘चिपळूण’ हे नावही पुरतं मावत नाही. कधीकधी घरमालकांची नावं प्रश्नचिन्हं होऊन बाहेर येतात. म्हणून मुलं इंग्रजीत लिहू लागतात, मग कुणी चिपळूणचं स्पेलिंग जुन्या पद्धतीने करतं, कुणी नव्या, आणि दोन तक्ते जुळत नाहीत. उपाय सोपे आहेत: शेपफाइलऐवजी जिओपॅकेज वापरावं, त्यात मराठी व्यवस्थित राहतं; आणि गावं नावाने न जोडता जनगणनेच्या कोडने जोडावीत. काकूंनी सांगितलेलं ‘देवाच्या फळीच्या खाली’ हे वाक्य मराठीतच नोंदलं गेलं पाहिजे. त्याचं भाषांतर करून ठेवलं तर पुढच्या माणसाला फळी सापडणार नाही.

एक प्रश्न मात्र अजून लोंबकळत आहे. संशोधक विद्यार्थी पदवी मिळाली की निघून जातो. मुलं परीक्षा झाली की पांगतात. भिंतीभिंतींवरून गोळा केलेले आकडे कुणाच्या तरी पेनड्राइव्हवर राहतात, आणि पुढची तुकडी तीच घरं पुन्हा ठोठावते, तोवर भिंतीला नवा रंग लागलेला असतो. म्हणून आता आम्ही प्रत्येक नोंदीसोबत चार गोष्टी सक्तीच्या केल्या आहेत: कुणी मोजलं, कधी मोजलं, कशापासून मोजलं आणि खूण कुणी दाखवली. शेवटच्या रकान्यात माणसाचं नाव न लिहिता ‘घरातली व्यक्ती’, ‘शेजारी’ किंवा ‘फक्त डाग’ एवढंच लिहितो. प्रत्येक तुकडी त्याच एका जिओपॅकेजमध्ये भर घालते. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं, दोन्ही महापुरांचा फटका बसलेलं. अशा जुन्या वाचनालयात, नगर परिषदेत आणि विद्यापीठात ह्या फाइलची एकेक प्रत असावी असं मला वाटतं. यंदाच्या मुलांना शंकरवाडी आणि मुरादपूरचा भाग दिला आहे. पाऊस सुरू व्हायच्या आत तिथल्या खुणा मोजून व्हायला हव्यात.